आईचे दहा

न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन कंटेनर यार्डांच्या मधे भातशेतीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. फार तर तीन-चार गुंठे. दोन्ही बाजूंना पत्र्याची कुंपणं, समोर ट्रेलरांची रांग, वर धूळ, आणि मधे हा भात. कोणाचा आहे, कोण लावतं, मला गेल्या बारा वर्षांत कळलेलं नाही. लावताना कोणी दिसत नाही, कापतानाही नाही. पण दसऱ्याच्या आसपास तो न चुकता पिवळा पडतो. सकाळी कामावर जाताना गाडीची काच खाली केली की डिझेलच्या वासातून पिकल्या भाताचा तो कोरडा, गोडसर वास येतो आणि माझ्या मांड्या थरथरायला लागतात.

अलंकारिक वगैरे बोलत नाही. खरोखरच थरथरतात. त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमच्या आईचा गुडघा.

मी यार्डात गाड्या सोडायचं काम बघतो. कोणता डबा कोणत्या ट्रेलरवर, कोणता ट्रेलर कोणत्या गेटला. दिवसभर तोंडी एकच शब्द: "हलव." उभा राहिलेला ट्रेलर म्हणजे आमच्याकडे शिवी. त्यामुळे म्हणा किंवा मुळातच म्हणा, एका जागी थांबणं मला जमत नाही. चहा उभ्याने पितो, जेवताना पाय हलवत असतो. बायको म्हणते, "देवासमोर तरी दोन मिनिटं नीट उभे राहत जा." दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि वर जिमला जायला सांगितलं, तेव्हा मी मनातून खूश झालो. उचला, टाका, उचला, टाका. हे आपल्या स्वभावाला धरून आहे. पण ट्रेनर निघाला शहाणा. त्यानं मला पहिले काही दिवस वजनांपाशी फिरकूच दिलं नाही. भिंतीला पाठ लावायला लावली, गुडघे वाकवायला लावले, नसलेल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "आता होल्ड करा सर."

"म्हणजे काय करू?"

"काहीच करू नका. फक्त धरून ठेवा. आणि श्वास चालू ठेवा."

मी डोळे मिटले आणि आपोआप मोजायला लागलो. "लाभ, लाभ, लाभ..." ट्रेनर गोंधळला. म्हणाला, "सर, वन टू थ्री म्हणा ना." त्याला काय सांगणार? आरशांच्या त्या खोलीत, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यात, मी माझ्या आईच्या खळ्यावर जाऊन बसलो होतो.

आमचं गाव काशीदच्या समुद्राकडून डोंगर चढून पलीकडे उतरलं की लागतं. काशीदला शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड असते, घोडागाड्या असतात, तळलेल्या मासळीचा वास असतो. डोंगराच्या आमच्या बाजूला यातलं काही पोचत नाही. इथे भात आहे, नाचणी आहे, आणि बहुतेक घरांतली कर्ती माणसं पनवेल-मुंबईकडे आहेत. पावसाळ्यात लावणीला आणि दिवाळीच्या पुढेमागे कापणीला जी काय माणसं येतील तेवढ्यांनीच सगळं उरकायचं.

कापणीच्या दिवसांत आमच्याकडे एक नियम फार कडक पाळतात. शेतातून डोक्यावर उचललेला भारा वाटेत कुठेही टेकवायचा नाही. तो खळ्यावरच उतरायचा. नियमामागे देवधर्म नाही, साधा व्यवहार आहे. पिकलेला दाणा हलका धरलेला असतो. भारा एकदा टेकवला आणि पुन्हा उचलला की मूठभर दाणे जमिनीवर सांडतात, आणि वर्षभराच्या कष्टातले मूठभर दाणे चिमण्यांना वाटत सुटावं एवढं आमचं गाव श्रीमंत नाही. आता गंमत अशी की खळ्यावर उडवी, म्हणजे भाऱ्यांची गोल गंजी, रचणारा माणूस एकच. तो एकेक भारा घेणार, कणसं आत आणि बुंधे बाहेर असा गोल फिरवून लावणार, पायानं दाबणार, मग पुढचा मागणार. तोवर बाकीच्या बाया भारे डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या.

माझ्या डोळ्यांसमोर कापणी म्हटली की ती रांगच येते. विळ्यांचा खसखस आवाज, पिवळ्या शेतातून उडणारे बगळे वगैरे नंतर. आधी त्या पाच-सहा बाया. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, खाली झुकलेली कणसं, त्यामुळे चेहरे अर्धे झाकलेले. फक्त हनुवट्या दिसतात आणि मानेच्या ताठलेल्या शिरा. कोणी हलत नाही. आणि गप्पा मात्र चाललेल्या असतात! कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या म्हशीनं लाथ मारली, सगळं तिथे, त्या भाऱ्यांखाली. आई त्या रांगेत दहा-दहा मिनिटं उभी राहायची. पुढे सरकली तर एक पाऊल, पुन्हा उभी. मला तेव्हा वाटायचं, काम म्हणजे शेत ते खळं चालणं. ही रांग म्हणजे कामातला फुकट गेलेला वेळ.

वीस वर्षांचा होतो तेव्हाची एक फजिती सांगतो. अलिबागला कॉलेजात होतो, सकाळ-संध्याकाळ जोर-बैठका मारत होतो, दंडाकडे बघत आरशासमोर वेळ काढत होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो आणि आईपेक्षा दीडपट मोठा भारा बांधून घेतला. उचलला आणि बांधावरून जवळजवळ पळतच सुटलो. दोन बायांना मागे टाकलं. खळ्यावर पोचलो तर पुढे रांग. एक मिनिट झालं, दोन झाली. मानेत कळ यायला लागली, मांड्या लटलटायला लागल्या. पळताना काहीच झालं नव्हतं, थांबल्यावर जीव जायची पाळी आली. तिसऱ्या मिनिटाला मी भारा दाणकन खाली टाकला. दाण्यांचा पिवळा सडा पडला.

आई माझ्या मागेच होती. भारा डोक्यावर घेऊन ती त्या सड्याकडे बघत राहिली. ओरडली नाही. तिची पाळी आली, तिचा भारा उतरला, मग ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पळायला काय, म्हस पन पळते. आता दानं येच."

दुपारभर मी कोंबड्यांबरोबर दाणे वेचत होतो. गावात पुढे कितीतरी वर्षं मला बघितलं की बाया विचारायच्या, "काय रं, भारा उतरू काय तुजा?"

माणसाला एवढ्यावरूनही शहाणपण यायला हरकत नव्हती. आलं नाही. त्याला आणखी वीस-बावीस वर्षं आणि आईचं पडणं लागलं.

ती पडली श्रावणात. बेणणी चालली होती, म्हणजे भातातलं तण काढणं. शेवाळलेल्या बांधावरून पाय सरकला आणि तिचा गुडघा दगडावर आदळला. गुडघ्याच्या वाटीला चीर गेली. पाच आठवडे प्लास्टर. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, मी एकुलता एक, घरात ती एकटी. शेजारच्या पार्वतीकाकीनं त्या पाच आठवड्यांत तिचं सगळं केलं, आणि मी दर शनिवारी कामोठ्याहून गाडी हाणत जायचो आणि रविवारी संध्याकाळी निघताना प्रत्येक वेळी तेच बोलायचो. "आई, आता बास. चल माझ्याकडे."

ती म्हणायची, "प्लास्टर निगू दे."

प्लास्टर निघालं आणि मी हादरलो. पाय बघवेना. उजवी मांडी डाव्या मांडीच्या निम्मी उरली होती, कातडी सैल पडली होती. जिनं डोक्यावर भारे घेऊन दहा मिनिटं उभं राहायचं, तिला खाटेवरून उठताना माझा खांदा लागत होता. मी मनाशी ठरवूनच टाकलं. कामोठ्याच्या घरात तिच्यासाठी नवा पलंग आणला. न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतला. शेत अर्ध्या वाट्यानं कसायला कोण घेईल याची पार्वतीकाकीच्या नवऱ्याकडे चौकशीही करून ठेवली. आईला यातलं काही सांगितलं नाही. अर्थात गावात सांगावं लागतच नाही.

एका रविवारी तिनं मला समोर बसवलं. "तुज्याकडं पलंग आलाय म्हनं."

मी चटईची काडी उपटायला लागलो.

"आयक. यंदाचा भात मीच मोजनार. पाटावर बसून. मोजून झाला का उठनार. कुनाला न धरता उठले, तर मी हितंच. न्हाय उठले, तर तसाच उचल आनी गाडीत घाल. मंग मी बोलायची न्हाय. पन तवर तूबी बोलायचा न्हाय."

आमच्याकडे भात मोजायचा म्हणजे खळ्यावर राशीसमोर जमिनीवर बसायचं, पायलीचं माप भरायचं, हातानं वरचा दाणा सपाट करायचा, पोत्यात ओतायचं आणि आकडा बोलायचा. वडील होते तेव्हापासून आमच्या घरी हे काम आईचंच. उभ्यानं ते होत नाही, खुर्चीत बसून तर नाहीच. हाताशी नऊ आठवडे होते. मी मान्य केलं. मनात म्हटलं, नऊ आठवड्यांत काय होणार आहे.

मुरूडच्या बाजारात मानसी नावाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर. गुडघेदुखीचे पेशंट जिना चढून जातात, हा विनोद तिनं स्वतःच मला पहिल्या दिवशी करून दाखवला आणि आईला तपासायला खाली आमच्या गाडीपाशी आली. पंचविशीची, चटपटीत मुलगी. मी अपेक्षा केली होती की ती आईला चालवेल, पाय वर-खाली करायला लावेल. तिनं एका टॉवेलची गुंडाळी केली, गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या आईच्या गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाली, "मावशी, गुडघ्यानं हा टॉवेल खाली दाबायचा. मांडी घट्ट करायची. दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा."

"बस? एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. याला आयसोमेट्रिक म्हणतात. सांधा हलत नाही, स्नायू मात्र पूर्ण काम करतो. आत्ता वाटी नुकती जुळलीये, तिला घासायचं नाही. पण मांडी झोपलीये, तिला उठवायचं. दोन्ही एकदम साधायचं असेल तर न हलता जोर लावणं हाच मार्ग आहे."

मी आईकडे बघितलं. तिला यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. ती टॉवेलकडे बघून म्हणाली, "भारा घिऊन उभा राह्यतो तसाच ना गं? हालायचा न्हाय, पन सोडायचा बी न्हाय."

"हो मावशी," ती म्हणाली. "अगदी तसंच."

पुढच्या दोन शनिवारी मी गेलो तेव्हा आई व्यायाम उरकूनच बसलेली असायची. तिसऱ्या शनिवारी मी लवकर पोचलो. ती ओटीवर चटईवर पाय लांब करून बसली होती, गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी, आणि मोठ्यानं मोजत होती. आवाज खळ्यावरचा. "लाभ... लाभ... लाभ... लाभ रं लाभ... दोन... दोन... दोन हो दोन..."

इथे हे सांगितलं पाहिजे की धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि माप भरून, सपाट करून, ओतून होईपर्यंत तोच आकडा पुन्हा पुन्हा बोलत राहतात, म्हणजे मोजणारा चुकत नाही. आईनं आयुष्यात दुसरं काही मोजलंच नव्हतं. दहा मोजा म्हटल्यावर ती पायल्या मोजत होती. प्रत्येक आकड्याला एक अख्खी पायली भरून रिकामी होत होती. मी मोबाइलवर वेळ लावली. तिचे दहा सव्वा मिनिटाचे निघाले. मानसीनं सांगितलं होतं दहा सेकंद.

मी ओरडलोच. "आई! अगं दहा सेकंद धरायचंय. हे काय चाललंय? वाटी पुन्हा चिरली म्हणजे?"

"दहाच म्हनलीवती ना ती? मी दहाच मोजते."

घाबरून मानसीला फोन लावला. पलीकडे हसू दाबल्याचा आवाज. मग तिनं व्यवस्थित विचारलं: सूज आहे का, रात्री ठणकतं का, सकाळी आखडतं का. काहीच नव्हतं. "मोठ्यानं मोजतात म्हणता?" ती म्हणाली. "मग ते बरंच आहे. लोक जोर लावताना श्वास कोंडून धरतात, त्यानं रक्तदाब चढतो. बोलत राहिलं की श्वास सुटत राहतो. दहा वेळांऐवजी चारच वेळा करू द्या. मधे भरपूर विश्रांती. आणि दुखलं तर तिथेच थांबायचं."

"पण मोजणं बदलायला सांगू?"

"नको. त्यांचे दहा त्यांनाच असू द्या."

त्या महिन्याच्या शेवटी टॉवेल जाऊन भिंत आली. मानसी म्हणाली, ज्या कोनात धरून ठेवाल त्या कोनात ताकद जास्त येते, म्हणून आता पाय वाकवून धरायचं. भिंतीला पाठ लावून थोडं खाली, पुढच्या आठवड्यात आणखी थोडं खाली. आईनं माजघराच्या दाराशेजारची भिंत धरली. भिंतीला निळा चुना, आणि तो आईच्या पाठीला लागायचा. दोन-तीन दिवसांत गावभर झालं. पार्वतीकाकी विहिरीवरून ओरडायची, "वैनी, पाठ रंगवून कुटं निगालीस?" आणि आई म्हणायची, "पोराच्या पलंगाला पाठ दावायला."

मला ते सोसायचं नाही. टोमणे नाही, टोमण्यांची सवय होती. ती भिंतीला लागून अर्धी बसली की दोन आकड्यांनंतर तिची मांडी थरथरायला लागायची. लुगड्यावरूनही दिसायचं. चेहरा स्थिर, आवाज स्थिर, "तीन... तीन हो तीन...", आणि खाली मांडीचं ते फडफडणं. माझा हात आपोआप तिच्या कोपराखाली जायचा. ती म्हणायची, "सोड." मी सोडायचो, आणि पुढच्या आकड्याला पुन्हा धरायचो.

एकदा मानसी घरी आली होती, तिनं हे पाहिलं. मला अंगणात बोलावून म्हणाली, "दादा, तुम्ही धरलंत तर त्यांची मांडी काय करणार?"

"अगं पडेल ती."

"मागे भिंत आहे, पडणार नाहीत. थरथर म्हणजे स्नायू काम करतोय. तुम्हाला बघवत नसेल तर दुसरीकडे बघा."

मी दुसरीकडे बघायला लागलो. अंगणात, आंब्याकडे, काहीही. पण मानसीच्या त्या पहिल्या प्रश्नानं मला एका जागी खिळवलं. मी आईला धरत होतो ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? पलंग कोणासाठी आणला होता? ती माझ्या घरी आली की माझी रोजची धाकधूक संपणार होती. मी भारा खाली टाकायला जागा शोधत होतो, आणि त्याला आईची सेवा म्हणत होतो. कबूल करायला लाज वाटते, पण ते नऊ आठवडे तिनं उठावं असं मला अर्धंच वाटत होतं. उरलेल्या अर्ध्याला वाटत होतं, नाही उठली तर बरं.

दसरा गेला, कापणी झाली. मी साठलेली रजा टाकून आलो, भारे वाहिले. यंदा भारा माझ्या बेताचा बांधला आणि रांगेत उभा राहिलो. झोडणी झाली, भात वाऱ्यावर देऊन झाला. शेणानं सारवलेल्या खळ्यावर पिवळी रास उभी राहिली, तिच्यावर आईनं झेंडूचं फूल ठेवलं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळी दहाचं ऊन, अंगावर घ्यावंसं.

आई काठी टेकत आली. पाट ठेवला, काठी पार्वतीकाकीकडे दिली आणि उजवा पाय किंचित पुढे टाकून हळूहळू बसली. बसताना तिनं कोणाला धरलं नाही, पण बसणं सोपं असतं. काकीच्या नवऱ्यानं पोत्याचं तोंड धरलं. आईनं राशीला हात जोडले, पायली भरली. "लाभ... लाभ... लाभ रं लाभ..."

पोती भरत गेली. खळ्यावर धूळ आणि दाण्याचा सळसळ आवाज आणि तिचा तो एकसुरी आवाज. किती पायल्या झाल्या ते मला आठवत नाही. मी आकडे ऐकत नव्हतो. मी रास लहान होताना बघत होतो. शेवटची पायली पाऊणच भरली. ती तिनं कणगीसाठी बाजूला ठेवली, हात झटकले, आणि खळं एकदम शांत झालं. पार्वतीकाकी काठी छातीशी धरून उभी.

आईनं दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवले. पुढे झुकली. ढुंगण पाटावरून सुटलं, थोडं वर आलं, आणि तिथेच अडकलं. धड बसलेली नाही, धड उभी नाही. भिंतीला पाठ लावून ज्या कोनात ती रोज बसायची, नेमकी तिथे. फक्त आता मागे भिंत नव्हती. उजवी मांडी थरथरायला लागली.

मी तिच्यापासून दोन पावलांवर होतो. माझा हात निघालाच. तो मी दुसऱ्या हातानं मनगटात पकडला आणि पाठीमागे नेला. आयुष्यात इतका जोर मी कधी लावला नव्हता, आणि बघणाऱ्याला वाटलं असतं, हा बाबा नुसता उभा आहे. मी मोजायला लागलो. लाभ. लाभ. लाभ. लाभ. आई घाई करत नव्हती. तिनं धडपड केली नाही, हात हवेत मारले नाहीत. डोक्यावर भारा असल्यासारखी मान ताठ करून ती त्या अधल्यामधल्या जागी थांबून राहिली. पुढे रांग आहे, पाळी आली की सरकू, अशी. दोन. दोन. दोन हो दोन. तिच्या नाकपुड्या फुलल्या. तीन.

आणि ती उठली. झटका नाही, काही नाही. सावकाश सरळ झाली, पदर नीट केला आणि माझ्याकडे बघितलं.

"हात का मागं बांधलेस? पोलिसांनी धरलाय काय?"

काकी हसत हसत रडायला लागली. मनगटावर माझ्याच बोटांचे लाल वळ उठले होते.

आई जवळ आली. हळू म्हणाली, "व्हट हालत व्हते तुजे. मोजत व्हतास?"

"हो."

"कितीवर आलास?"

"तीनवर."

"बराय की," ती म्हणाली. "तुला लाभच्या फुडं जमायचा न्हाय असा वाटलेला मला."

या गोष्टीला आता सहा कापण्या झाल्या. पलंगावर आमचे इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. न्हाणीघरातला दांडा मीच धरतो. आई पंच्याहत्तरीला टेकली आहे. भारे उचलत नाही, पण भात अजून तीच मोजते, अजून पाटावर बसून. माजघराच्या दाराशेजारी निळ्या भिंतीवर तिच्या पाठीएवढा भाग पांढरा पडलाय. दर दिवाळीला मी घर रंगवतो आणि तेवढी जागा सोडून देतो. ती रोज सकाळी तिथे पाठ टेकते. पूर्वीइतकं खाली जाता येत नाही. दहापर्यंतही पोचत नाही, सहा-सातवर थांबते. एक दिवस तीनवर थांबेल, तेही मला कळतं.

जिममध्ये ट्रेनर आता माझ्या मोजण्याला हसत नाही. वजनं उचलायलाही देतो. पण मला स्वतःला सगळ्यात जड वजन जिथे उचलावं लागतं ती जागा वेगळीच आहे. रोज सकाळी दहा वाजता, गेटवर ट्रेलरांची रांग लागलेली असताना, मी बाजूला होऊन आईला फोन लावतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाय कसा आहे. ती सांगते. कालच म्हणाली, "पडवीत जरा घसरले. लागला न्हाय काय. मांजर आडवा आलावता."

समोरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, दूर त्या तीन-चार गुंठ्यांवर भात पिवळा झालेला दिसत होता, आणि माझ्या जिभेवर ते तीन शब्द येऊन बसले होते. चल माझ्याकडे आता. मी दात आवळले. फोन कानाला तसाच धरून ठेवला.

पलीकडे आईनं ते ओळखलं. मग म्हणाली, "कितीवर आलास?"

"दोनवर," मी म्हटलं.

"मंग धर अजून," ती म्हणाली. "मी बी धरलंय."